गिऱ्हाईक आधी काय विचारतं?

“एक चांगला लोगो करून द्या,” असं म्हणत माणसं माझ्याकडे येतात. गोव्यातल्या फोंड्यात माझं डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. येणाऱ्यांत काजूवाले असतात, खानावळ चालवणारे असतात, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारी जोडपी असतात, नुकताच दवाखाना थाटलेले डॉक्टर असतात. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये मुंबई-बंगळुरूच्या कुठल्याशा ब्रँडचे फोटो आधीच असतात. “असंच काहीतरी, पण आपलं वाटणारं.” मी फोटो बघते, चहा सांगते आणि विचारते: तुमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक आधी काय विचारतं?

उत्तर सहसा लगेच येत नाही. दिवसभर त्याच त्या प्रश्नांना त्याच त्या उत्तरांनी तोंड देऊन दुकानदाराला त्याची इतकी सवय झालेली असते की, कुणी काही विचारतंय हेच त्याच्या लक्षात येत नाही. मग मी त्यांना सांगते, मी येऊन तुमच्याकडे बसते. काउंटरच्या आतल्या बाजूला एक स्टूल द्या आणि मी आहे हे विसरून जा. माझ्या कामाचा खरा भाग तिथे होतो. कॉम्प्युटरवर बसायची वेळ त्यानंतर येते.

वाळपईच्या बाजूला एक काकी आणि त्यांचा मुलगा घराला लागून असलेल्या शेडमध्ये काजू फोडतात. बी वाफवायची, कटरवर फोडायची, गर सुकवायचा, साल काढायची आणि मग प्रतवारी: अख्खे वेगळे, पाकळी म्हणजे अर्धा गर वेगळी, तुकडा वेगळा. काकींचा हात इतका बसलेला आहे की गर बोटांतून जाताना त्या त्याकडे बघतही नाहीत. माल उत्तम. पण हंगामात रस्त्यालगत स्टॉल लावला की गाड्या थांबत, माणसं उतरत, पाकिटं उलटीसुलटी करून बघत आणि बरीचशी तशीच निघून जात. तीच माणसं पुढे जाऊन एखाद्या एसी दुकानातून, कुठून आले याचा पत्ता नसलेले काजू दीडपट भावाने घेत असतील, या विचाराने मला आजही त्रास होतो.

काकींच्या पाकिटावरच्या स्टिकरवर काय नव्हतं? देवीचं चित्र होतं, नारळाची झाडं होती, मावळता सूर्य होता, सोनेरी किनारीचं लाल नाव होतं, “गोव्याचे सुप्रसिद्ध” होतं, तीन मोबाइल नंबर होते. आणि खाली कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेलं: ३२०.

तो आकडा म्हणजे काजूच्या धंद्यातली प्रतवारी. डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०. डब्ल्यू म्हणजे अख्खा गर आणि पुढचा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. त्यामुळे आकडा जितका मोठा तितका गर लहान. घाऊक व्यापाऱ्याला हे पाठ असतं. पुण्याहून आलेल्या कुटुंबाला कसं असणार? मी तिथे बसले असताना एका गृहस्थांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “३२० वाले स्वस्त आणि १८० वाले महाग, असं उलटं कसं?” त्यांना वाटलं, आपल्याला फसवताहेत. काकींचा मुलगा समजावून सांगायला लागला, पण एव्हाना त्यांच्या मनात शंका आली होती. ते गेले.

त्या स्टुलावर बसून मी जे ऐकलं त्यात एकाही माणसाने देवी कुठली किंवा सूर्य कशाला असं विचारलं नाही. यातले मोठे कुठले? खारे की साधे? सोललेले की सालीसकट? इथलेच का? बस्स, एवढंच. अर्ध्या तासात हेच प्रश्न पुन्हा पुन्हा.

उपाय मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाला, आणि तो तिथे बसणाऱ्या बायकांनी फार आधीच शोधून ठेवलेला आहे. त्या बाजारात खाली बसलेल्या बाईकडे पाटी नसते. ती भाजीचे, मिरच्यांचे, आंबाड्यांचे वाटे मांडते. एक वाटा अमुक रुपयांना. मानकुराद आंबे आकाराप्रमाणे वेगवेगळे लावते आणि डझनाचा भाव सांगते. तुम्ही चालता चालता एक नजर टाकली की माल किती, केवढा आणि कसा, या तिन्हींचं उत्तर मिळतं. अक्षर एक नाही, तरी सगळं कळतं. मला विचाराल तर गोव्यातलं सगळ्यात उत्तम माहितीचं डिझाइन दर शुक्रवारी तिथे जमिनीवर मांडलेलं असतं.

म्हणून काकींच्या नव्या पाकिटावर आम्ही काजूगर छापला, अगदी खऱ्या मापाचा. १८० च्या पाकिटावर मोठा, ३२० च्या पाकिटावर लहान. त्याखाली गणित करून एक ओळ. १८० साठी: पाव किलोत साधारण ९५ ते १०० गर. ३२० साठी: पाव किलोत साधारण १६५ ते १७५ गर. त्याखाली ठळक एक शब्द, “साधे” किंवा “खारे”. मग नाव आणि गाव. तो मूळचा आकडा वरच्या कोपऱ्यात लहान अक्षरात ठेवला, कारण घाऊक घेणारा तोच शोधतो. बाकीची जागा रिकामी.

रिकाम्या जागेवरून काकी बिथरल्या. “गो बाय, छापायचे पैसे सगळ्या पाकिटाचे दिलेत ना? मग एवढी जागा मोकळी कशाला सोडलीस? निदान मोबाइल नंबर तरी मोठा कर.” हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो हसण्यावारी कधीच नेत नाही. ज्याने कष्टाचे पैसे घातले त्याला प्रत्येक इंच वसूल झालेला दिसायला हवा असतो. मी वाद घातला नाही. जुनं पाकीट आणि नवं पाकीट शेजारी शेजारी ठेवून त्यांना स्टॉलपासून दहा पावलं मागे नेलं आणि विचारलं, इथून काय वाचता येतंय? त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. नव्या पाकिटावरचा काजू आणि “खारे” दिसत होतं. जुन्यावर लाल-सोनेरी गर्दी. “बरं, तसं राहू दे,” म्हणाल्या. आता मुलगा सांगतो की माणसं दोन पाकिटं हातात घेऊन एकमेकांना लावून बघतात आणि आपसांतच ठरवतात. आकड्याचं स्पष्टीकरण देत बसावं लागत नाही.

“इथलेच का?” या प्रश्नाचं उत्तर मात्र इतकं सोपं नव्हतं. गोव्याच्या काजूला आता भौगोलिक मानांकन आहे, जसं फेणीला २००९ मध्ये मिळालं आणि पुढे बेबिंका या गोड पदार्थालाही. मुलाला ती खूण लगेच पाकिटावर हवी होती. पण मानांकन मिळालं म्हणून कुणीही ती खूण छापू शकत नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी व्हावी लागते. ती होईपर्यंत आम्ही गावाचं आणि तालुक्याचं नाव स्पष्ट लिहिलं. जे सिद्ध करता येतं तेवढंच पाकिटावर छापायचं, यावर मी अडून बसते. डिझाइनचं काम माल आहे तसा समोर आणण्याचं आहे. नाही ते दाखवायला लागलो तर मग काकींच्यात आणि त्या एसी दुकानात फरक काय राहिला?

पाकिटाची मागची बाजू कायद्याची. निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख, चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक, तक्रारीसाठी संपर्क. पुष्कळ डिझाइनर याकडे कटकट म्हणून बघतात आणि सगळं मुंगीच्या अक्षरात एका कोपऱ्यात कोंबतात. मला तर या नियमांचं कौतुक वाटतं. कुणीतरी कधीतरी गिऱ्हाइकाच्या बाजूने बसून विचार केला होता की, फसवणूक होऊ नये म्हणून माणसाला काय काय कळायला हवं. शाकाहाराची खूणच घ्या. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका सगळ्यांच्या ओळखीचा. मांसाहाराचा पूर्वी तसाच तपकिरी ठिपका असे. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही त्यांना ते दोन्ही ठिपके सारखेच. आता मांसाहाराच्या चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. आकार बदलला आणि प्रश्न सुटला. एवढासा बदल, पण त्यातून शिकण्यासारखं केवढं आहे! अर्थाचा सगळा भार एकट्या रंगावर टाकायचा नाही.

गोव्यात तर रंगावर भरवसा ठेवायला आणखी एक अडचण. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले महिने कडक ऊन. फ्लेक्सचा बोर्ड एका मोसमात पांढुरका होतो. जुने फ्लेक्स निळसर का दिसतात हे कधी बघितलंय? उन्हात आधी पिवळा आणि गुलाबी उडतो, निळा आणि काळा टिकून राहतो. लाल रंग छापला जातो तोच मुळी गुलाबी आणि पिवळ्यातून. म्हणजे दुकानदार जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची म्हणून हौसेने लाल करायला सांगतो, “आज ताजी मासळी”, “इथे वळा”, “२४ तास”, तीच सगळ्यात आधी नाहीशी होते. नाव राहतं, बाण जातो. मी बाण, किंमत आणि फोन नंबर नेहमी काळ्यात किंवा गडद निळ्यात ठेवते. लाल हवाच असेल तर तो ऑइल पेंटने भरायला सांगते.

पणजीत फोंतेन्यस या जुन्या वस्तीत घरांच्या नावांच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स बघा. रंग चकाकीच्या लेपासोबत भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे कितीही पावसाळे गेले तरी अक्षर तसंच. आणि आपल्या देवळांच्या भिंतींवरची कावी कला? चुन्याच्या पांढऱ्या थरावर तांबड्या मातीच्या कावेचा थर द्यायचा, ओला असताना कोरायचं आणि खालचा पांढरा वर आणायचा. दोनच रंग. त्या दोन रंगांत वेलबुट्ट्या, देव, मोर, सगळं लांबून ओळखू येतं. “चार रंगांत छापायला परवडत नाही हो,” असं कुणी ओशाळून म्हणालं की मी त्यांना जवळच्या देवळात न्यायला तयार असते.

रस्त्यावरच्या पाट्यांचं गणित मला फोंड्याच्या एका जुन्या पेंटरांनी शिकवलं. फ्लेक्स येण्याआधी अर्ध्या बाजाराच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. ते आधी खडूचा दोरा ताणून शिरोरेषा मारत, मग अक्षरांची जागा नुसत्या रेघांनी आखत, आणि रंगाचा डबा उघडण्याआधी रस्ता ओलांडून पलीकडे जात. तिथून बघत. परत येऊन एखादी वेलांटी वर सरकवत. पुन्हा पलीकडे. “पाटी आपल्यासाठी नाही, रस्त्यापलीकडल्यासाठी आहे,” म्हणायचे. साइनबोर्डवाल्यांचा एक ठोकताळा आहे: दहा फुटांवरून नीट वाचायचं तर अक्षर एक इंच उंच हवं. आता पणजीच्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगाने येणारी गाडी धरा. ती सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. चालकाला वाचायला आणि वेग कमी करायला तीन सेकंद तरी द्यायची, तर पाटी ४० मीटरवरून वाचता आली पाहिजे. म्हणजे सुमारे १३० फूट. म्हणजे १३ इंचांचं अक्षर. त्यात देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार यांची जागा वेगळी लागते. हा हिशेब मांडला की दहा फुटी बोर्डावर जेमतेम तीन-चार शब्द उरतात. आणि मग माझ्या समोर बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच ठरवावं लागतं की ते तीन-चार शब्द कुठले.

ही निवड करणं कठीण जातं, कारण प्रत्येक शब्दामागे काहीतरी असतं. वडिलांचं नाव, देवाचं नाव, पदवी, “स्थापना” आणि साल. मी यातलं काही पुसायला सांगत नाही. सांगते एवढंच की दारात उभ्या असलेल्या माणसाला हे वाचायला वेळ आहे, गाडीतल्याला नाही. वडिलांचं नाव दारावर सुंदर अक्षरात लावूया. रस्त्यावर “फिश थाळी” राहू दे.

कुठल्या लिपीत लिहायचं हा गोव्यातला कायमचा पेच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळालं. रोमी, म्हणजे रोमन, लिपीतली कोंकणी वाचणारे हजारो लोक आहेत. इंग्रजी सगळीकडे. मोरजीला गेलात तर रशियन पाट्याही दिसतात. हा पेच आजचा नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, आणि १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण इथेच छापलं गेलं, मराठी भाषेत पण रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. मराठी ओव्या परक्या लिपीत वाचाव्या लागल्या, कारण साधन तेवढंच होतं. आज साधनाची अडचण उरलेली नाही. आज देवनागरी टाळली जाते ती “इंग्रजीत जरा भारी दिसतं” म्हणून, आणि ते मला पटत नाही. पण उलट बाजूनेही हट्ट नको. पेडण्याच्या गावातल्या दवाखान्यात येणारी आजी कुठली लिपी वाचते? त्या लिपीला सर्वांत मोठं अक्षर. समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये कोण येतं? तिथे वेगळा क्रम. चारही भाषा एकाच मापात, एकाच रंगात एकाखाली एक लावल्या की कुणालाच आपली ओळ पटकन सापडत नाही.

देवनागरी वापरायची तर ती आपली वापरावी, हाही माझा आग्रह. पाकळीयुक्त ल, म्हणजे दांड्याऐवजी दोन पाकळ्या असलेला, आणि देठयुक्त श ही मराठीची वळणं. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबद्दल निर्णय काढला त्यातही हीच रूपं आहेत. पण पुष्कळ फॉन्ट मुळात हिंदीसाठी घडवलेले, त्यांत उभ्या दांड्याचा ल येतो. “लाडू” असं लिहिलेलं पाकीट हातात घेतलं की वाचता येतं, पण ते आपल्या घरचं वाटत नाही. “घरगुती लाडू” म्हणून विकणाऱ्या ताईंना हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, म्हणूनच मला काहीतरी खटकत होतं!” चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, मराठी भाषा निवडली की बदलतात. दोन मिनिटांचं काम. र. कृ. जोशींसारख्या माणसाने आयुष्य घालून भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणल्या, विंडोजमध्ये आलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच. आपण निदान ही दोन मिनिटं द्यावीत.

चित्रांबद्दलही बोललं पाहिजे. लोटलीच्या मारियो मिरांडांनी गोव्याची माणसं अशी काही रेखाटली की आता प्रत्येक तिसऱ्या हॉटेलला तशीच चित्रं हवी असतात: टोपीवाला म्हातारा, फ्रॉकमधली बाई, कुत्रा, गिटार. मारियोंनी ती माणसं बघितली होती, बाजारात आणि चर्चच्या फेस्तांत उभं राहून. नक्कल करणारा मारियोंची चित्रं बघतो. त्याने भिंत भरते, पण आत भाजी-पाव मिळतो की लॉबस्टर, दोनशे रुपयांत जेवण होतं की दोन हजारांत, हे कळत नाही. एका खानावळवाल्या दादांना मी त्याऐवजी दारात एक पाटी-खडू लावायला सुचवलं. मासळीचा भाव रोज हलतो, जून-जुलैत ट्रॉलर बंद असताना तर इसवण-चणक असेल त्या भावाला. छापील मेनूकार्डावर ते स्टिकरवर स्टिकर चिकटवत होते आणि टेबलावर बसलेल्या माणसाला वाटे, हा भाव आपल्यासाठीच वाढवलाय. आता थाळी, आमटी, सोलकढी कार्डावर, आणि आजची मासळी भावासकट दारातल्या फळ्यावर. मासळीचं नाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी प्रत्येकीचं रेखाचित्र. दादांच्या मुलीने ती चित्रं काढली, छान काढली. आत येणारा माणूस भाव बघूनच आत येतो, मग बिलावरून कुरबुर होत नाही.

सध्या हातात डिचोलीच्या एका रक्ततपासणी लॅबचं काम आहे. लॅबवाल्या डॉक्टरांना पत्रकावर नव्या मशीनचा मोठा फोटो हवा आहे. मशीन महाग आहे, ते दाखवावंसं वाटणं स्वाभाविक. पण तिथल्या रिसेप्शनवर फोन वाजतो तो एकाच गोष्टीसाठी: उपाशी यायचं का? पाणी चालतं का? सकाळी चहा पिऊन आलेल्या मधुमेहाच्या पेशंटला परत पाठवावं लागतं, आणि तो साखळीहून बस बदलून आलेला असतो. म्हणून मी एक साधी पट्टी काढली आहे. रात्री नऊचं ताट, मग चंद्र आणि पाण्याचा पेला, मग सकाळी सातचं घड्याळ आणि लॅबचं दार. चहाच्या कपावर फुली. आठ तासांहून जास्त उपास, पाणी चालेल, हे अक्षर न वाचताही समजावं अशी. शेजारी ज्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, जशी तीन महिन्यांच्या साखरेची, तिच्यासाठी वेगळी पट्टी.

डॉक्टरांना ती आवडली. अडलंय ते रोजच्या गोळ्यांवर. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने त्या सकाळी काय करायचं, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगायला हवं, ते आमच्या चित्रात ठरवता येत नाही. तरी पत्रक बघून कुणी आपल्याच मनाने गोळी चुकवली तर? “गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा” ही ओळ पट्टीच्या वर घ्यावी की पेल्याच्या शेजारी, मोठी घ्यावी की फुलीसारखी खूण करून, यावर आमचं अजून एकमत नाही. सोमवारी सकाळी साडेसहाला मी लॅबच्या बाकावर जाऊन बसणार आहे, हातात पत्रकाचे तीन वेगवेगळे नमुने घेऊन, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवून विचारणार आहे की यातून तुम्हाला काय कळलं.